पोट साफ झालं का, ते नंतर. भूक कधी लागते ते आधी सांगा

प्रश्न थोडक्यात असा: वय ३९. इंदूरला सुदामानगरात राहतो, विजयनगरला हिशेबाच्या ऑफिसात नोकरी. सहा वर्षं झाली, पोट साफ होत नाही. तीन-तीन दिवस काहीच नाही, मग एखाद्या सकाळी चार वेळा जावं लागतं. दुपारनंतर पोट फुगतं, डावीकडे खाली कळ येते, जाऊन आलं की बरं वाटतं. रात्री एक चमचा चूर्ण घ्यायचो, आता दोन लागतात. सोनोग्राफी, रक्त, साखर, थायरॉइड सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या कामातला बिघाड) आहे, टेन्शन घेऊ नका. काकू, आयुर्वेदात कायमचा इलाज काय? पोट एकदाचं साफ होईल असं काही सांगा.

उत्तर:

तुमच्या प्रश्नाच्या सुरुवातीला ‘साफ’ आहे आणि शेवटीही ‘साफ’. मधे भुकेबद्दल एक अक्षर नाही. रामबागेत चौतीस वर्षं दवाखाना चालवते आहे. पोटाची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण असंच करतो. काल किती वेळा झालं, कसं झालं, पूर्ण झाल्यासारखं वाटलं की नाही, हे बैजवार सांगतो. ‘भूक केव्हा लागते?’ असं विचारलं की गप्प होतो आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे बघतो.

अन्न नीट पचल्याच्या खुणा जुन्या वैद्यांनी एका श्लोकात बांधून ठेवल्या आहेत. ढेकर शुद्ध येणं, म्हणजे तिला खाल्लेल्याचा वास किंवा आंबटपणा नसणं, उत्साह वाटणं, मलमूत्राचे वेग यथोचित येणं, अंग हलकं वाटणं, भूक, आणि तहान. अशा सहा. त्यांतली शौचाची एकच, तीही ‘यथोचित’, ज्याची जशी रीत तशी. रोज पहाटे सहाला एकदा, तेही आत तसूभर न उरता, असा नियम तिथे कुठे नाही. तुम्ही सहा वर्षं या एका खुणेच्या मागे लागलात आणि उरलेल्या पाचांकडे बघायचं राहून गेलं. म्हणून मी तुम्हाला दुसरं चूर्ण सुचवत नाही. आहे ते कसं सोडायचं ते सांगते, पण त्याआधी तुमच्या दिवसाबद्दल बोलू.

मी उलट विचारल्यावर तुम्ही दिनक्रम कळवलात तो असा. साडेआठला पोहे-जिलेबी, वर मूठभर शेव. अकराला चहा-बिस्किटं. डबा तीनला, तोही कॉम्प्युटरसमोर. सहाला कचोरी, नाहीतर ऑफिसात कुणीतरी आणलेलं नमकीन. रात्री दहाला पोळी-भाजी-भात. शनिवारी पाहुणे आले की सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार. झोप एक वाजता. पाणी ‘आठवलं की’.

पोह्यांवर बोलल्याशिवाय इंदुरात पोटावर बोलता येत नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात त्यांच्यावर अर्धी ओळ आहे: ‘पृथुका गुरवो बल्याः कफविष्टम्भकारिणः’. जड, बळ देणारे, कफ वाढवणारे आणि विष्टंभ करणारे. विष्टंभ म्हणजे वारा कोंडून पोटाला तडस लागणं, जे तुम्हाला दुपारी होतं. गंमत अशी, की त्याच साळीच्या लाह्या हाच ग्रंथ हलक्या, भूक वाढवणाऱ्या आणि जुलाब-उलटीत चालणाऱ्या सांगतो. धान्य एकच, एकदा कुटून चपटं केलं, एकदा भाजून फुलवलं. संस्कार बदलला की गुण बदलतो, हे आयुर्वेदाचं म्हणणं इतकं सोपं करून दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. कुणी म्हणेल, आमचे आजोबा रोज पोहे खाऊन नव्वदीपर्यंत जगले. जगले ना. पण ते पोहे खाऊन राजवाड्यापासून छावणीपर्यंत पायी जात आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत तोंडात दुसरं काही टाकत नसत. जड खाल्लं तर ते जिरेपर्यंत वाट बघायची, एवढा हिशेब त्यांना कळत होता.

आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण! जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, हिंग, काळं मीठ, आमचूर: अर्धं पाचक चूर्णच ते. पोह्यांना उतारा गावानं आपणच शोधून ठेवलाय. पण त्याच्यावर पुन्हा बेसनाची शेव पडते. हरभरा मुळातच वातूळ, त्यात तळलेला. तेव्हा पोहे बंद करा असं मी म्हणत नाही (म्हटलं तर या गावात माझं कोण ऐकणार). आठवड्यातून दोनदा खा, बशी लहान घ्या, शेव चिमूटभर, जिलेबी रविवारी. एरवी सकाळी मुगाचं धिरडं, भाजणीचं थालीपीठ तुपाबरोबर किंवा मऊ भाताची पेज. भूकच नसेल तर काही नको. नाश्ता चुकला तर आकाश कोसळत नाही.

तुमचा खरा घोटाळा पोह्यांपेक्षा अकराच्या बिस्किटांत आणि सहाच्या कचोरीत आहे. चरकांनी ग्रहणीच्या, म्हणजे पचन बिघडून शौच अनियमित होण्याच्या विकाराच्या, अध्यायात खाण्याच्या तीन वाईट रीती सांगितल्या आहेत. हितकर आणि अहितकर एकत्र खाणं ते समशन. कधी फार, कधी थोडं, वेळी-अवेळी खाणं ते विषमाशन. आणि आधीचं जिरलं नसताना त्यावर पुन्हा खाणं ते अध्यशन. तुमच्या दिवसात तिन्ही आहेत, त्यातलं अध्यशन तर दोनदा. चुलीवर डाळ अर्धी शिजत आली असताना त्यात मूठभर कच्ची डाळ टाकली तर पहिली गाळ होते आणि दुसरी कच्ची राहते. पोटात हेच होतं. कच्चं राहतं त्याला आम्ही आम म्हणतो. जिभेवर सकाळी जो पांढरा थर दिसतो, अंग जड वाटतं, तोंडाला चव नसते, ती त्याची ओळख. आरशात बघा. तुम्ही तो थर घासून काढत असाल, आणि मग पोटाचं साफ होत नाही म्हणून चूर्ण घेत असाल.

दोन जेवणं, त्यांची वेळ ठरलेली. दुपारचं एकपर्यंत, रात्रीचं आठपर्यंत. मधल्या वेळात पाणी, गरज वाटली तर ताक किंवा एखादं फळ, दुसरं काही नाही. किती खायचं याचं मापही चरकांनी दिलंय: पोटाचे तीन भाग कल्पावेत, एक घन अन्नासाठी, एक पातळासाठी, एक वात-पित्त-कफांना हिंडायला मोकळा. काही दिवसांत कुठला भाग आपण बळकावतो ते तुमचं तुम्हालाच समजेल. औषधाशिवाय नुसत्या एवढ्यावर तुमच्यासारख्या बऱ्याच जणांचं फुगणं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हा माझा अनुभव. ‘फी कशाची घेतली मग?’ असं एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं होतं.

आता तुमच्या आजाराचं नाव. आयबीएस आणि ग्रहणी एकच, असं म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही. पण दोन्हींचं चित्र एकमेकांवर बरंच बसतं. ‘मुहुर्बद्धं मुहुर्द्रवम्’, कधी बांधलेलं तर कधी पातळ, हे ग्रहणीचं वर्णन वाचताना तुमचाच केसपेपर वाचते आहे असं वाटतं. आधुनिक शास्त्रात आयबीएससाठी रोम निकष वापरतात. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी हवी, ती शौचाशी, किती वेळा होतं यातल्या बदलाशी आणि कसं होतं यातल्या बदलाशी, यांपैकी निदान दोन गोष्टींशी जोडलेली हवी, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने उलटलेले हवेत. तुमचं त्यात बसतं. डॉक्टरांनी निदान चुकीचं केलेलं नाही.

फक्त ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर सोडलं, ते अपुरं झालं. चरकांच्या ग्रंथातल्या विमानस्थान या भागात श्लोक आहे: ‘चिन्ताशोकभयक्रोधदुःखशय्याप्रजागरैः’. चिंता, शोक, भय, राग, अडचणीचं अंथरूण आणि जागरण यांमुळे पथ्याचं आणि मापात खाल्लेलं अन्नसुद्धा पचत नाही. हे वाक्य मी दवाखान्यात फलकावर लिहून लावलं होतं, पण लोक शेवटचा शब्द वाचत नाहीत. प्रजागर. एक वाजता झोपून सातला उठणाऱ्याला मी कितीही मोठं औषध दिलं तरी ते अर्ध्या वाटेवर थकतं. तुमच्या धंद्यात मार्च महिना कसा जातो ते मला माहीत आहे. जरा आठवून बघा, त्रास तेव्हा आणि रिटर्न भरायच्या दिवसांत वाढतो का? वाढत असेल तर निदानाचा मोठा भाग तिथेच सापडला.

औषधांकडे वळण्याआधी एक थांबा. पुढचं काहीही असेल तर वैद्याकडे येण्याआधी पोटविकारतज्ज्ञाला दाखवायचं: शौचात रक्त, किंवा डांबरासारखं काळं होणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन कमी, गिळायला त्रास, सारख्या उलट्या, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सवय बदलणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं. हे मी पुस्तकातून लिहीत नाही. दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ रक्त पडतं म्हणून आले. मूळव्याध, मसाल्याचं खाणं, खुर्चीतलं काम, सगळं जुळत होतं. मी बोटानं तपासणी न करता सूरण, ताक आणि गोळ्या सांगितल्या. सहा आठवडे गेले. मग दुर्बिणीनं बघितलं तेव्हा गुदाशयात गाठ निघाली. त्यांचं ऑपरेशन झालं, पुढे बरी वर्षं जगले. पण ते सहा आठवडे माझ्या हिशेबात आहेत. तेव्हापासून रक्त म्हटलं की मी आधी तपासते, मग बोलते.

तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही. एक तपासणी मात्र राहिली आहे. माळवा हा गव्हाचा मुलूख, आणि गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सेलिअक आजार आपल्या उत्तरेकडच्या पट्ट्यात दक्षिणेपेक्षा जास्त दिसतो. तो हुबेहूब ग्रहणीचं सोंग घेतो. रक्ताची टीटीजी तपासणी करून घ्या, आणि तोवर पोळी चालू ठेवा. आधी पोळी सोडून मग तपासलं तर रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो. दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत गुडगुड होत असेल तर तेही मला कळवा. बऱ्याच मोठ्या माणसांना दुधातली साखर पचत नाही. ते ‘माझी वातप्रकृती’ म्हणत बसतात आणि रात्रीचं हळद-दूध सोडत नाहीत.

आता ते चूर्ण. तुम्ही कळवलेलं लेबल वाचलं. घटकांत दुसऱ्याच क्रमांकावर सोनामुखी आहे. बाजारात ‘सकाळी पोट साफ’ म्हणून जे मिळतं त्यातल्या बहुतेकांचा जोर तिच्यावरच चालतो. सनाय, सेन्ना, नावं वेगवेगळी. ती वाईट वनस्पती नाही. चार दिवसांसाठी उत्तम आहे. सहा वर्षांसाठी नाही. होतं असं: सोनामुखी मोठ्या आतड्याला ढोसते. नेहमी त्याचा शेवटचा भागच रिकामा होतो, हिच्यामुळे बरंच जास्त बाहेर पडतं. मग आतडं पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. त्या दोन-तीन दिवसांत काही होत नाही ते बद्धकोष्ठ नसतं; आत काही नसतंच. पण तुम्ही घाबरता, आणि दुसऱ्या रात्री चमचा वाढवता. तीन दिवस काही नाही आणि मग एका सकाळी चार वेळा, या तुमच्या कोड्याचा अर्धा उलगडा इथे आहे. असं वर्षानुवर्षं चाललं की आतड्याचं अस्तर आतून काळपट पडतं (औषध थांबलं की ते हळूहळू पूर्ववत होतं) आणि फार मोठ्या मात्रेत पोटॅशियम उतरतं. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना हे जास्त जोखमीचं.

एकदम बंद करू नका. दहा दिवस दीड चमचा, पुढचे दहा दिवस एक, मग अर्धा, मग एक दिवसाआड अर्धा. दीड-दोन महिने लागतील. त्याच्या जागी इसबगोल. इसबगोल चरकांत नाही, सुश्रुतांत नाही. नावच फारसी आहे, घोड्याचा कान असा अर्थ, आणि तो युनानी हकिमांच्या हातून आपल्याकडे आला. पण पिकतो आपल्या शेजारी, नीमच-मंदसौरकडे, आणि नीमचच्या मंडीत त्याचे ढीग लागतात. आयबीएसवर अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांनी २०२१ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही विरघळणाऱ्या तंतूंची शिफारस आहे, आणि इसबगोल त्यातला पहिला. आमच्या ग्रंथात नाही म्हणून नाक मुरडणारे वैद्य मी पाहिले आहेत. गुण बघावा, कुळ कशाला बघायचं? रात्री जेवणानंतर एक चहाचा चमचा, भरपूर पाण्यात, लगेच प्यायचा, वर आणखी पेलाभर पाणी. आठवड्यानं दोन चमचे. पहिले काही दिवस गुबारा वाढेल, तो बसतो. कमी पाण्यात घेतला तर तो घशात किंवा आतड्यात गोळा होऊन बसू शकतो, हे मात्र लक्षात ठेवा. घरात कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल आणि तुमचं बघून इसबगोल सुरू करणार असेल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

सकाळी पेलाभर कोमट पाणी, आणि नाश्ता किंवा नुसता चहा झाल्यावर दहा मिनिटं बसायचं, फोन बाहेर ठेवून. पोटात काही पडलं की मोठं आतडं जागं होतं, ही त्याची उपजत वेळ आहे. कमोड असेल तर पायाखाली लहान पाट घ्या. आणि वेग आला की उठायचं. मीटिंग चालू असली तरी. चरकांनी न धरण्याचे तेरा वेग सांगितलेत त्यात मलवेग आहे. ऑफिसातलं स्वच्छतागृह नको म्हणून रोज दुपारी तो दाबणाऱ्या माणसांवर मी निम्मा दवाखाना चालवते, त्यातल्या बायका जास्त.

ताकाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ग्रहणीत त्याच्या तोडीचं औषध नाही असं माझं मत आहे आणि लोक ते हमखास चुकीचं करतात. चरकांनी ग्रहणीसाठी ताक का, तेही सांगितलं आहे: ते भूक पेटवतं, मळ बांधतं आणि हलकं आहे. दही पचायला जड असतं. घुसळणं आणि पाणी एवढ्यानंच हा फरक पडतो, पुन्हा संस्कार. जुन्या ग्रंथांत पाण्याच्या प्रमाणावरून घोल, मथित, तक्र, उदश्वित, छच्छिका अशी वेगळी नावं आहेत. आज मिक्सरमध्ये दही फिरवून बर्फ टाकलेलं जे मिळतं ते यांपैकी कशातच बसत नाही. तुमच्यासाठी असं करा. रात्री विरजलेलं, सकाळी नुकतं लागलेलं, आंबट नसलेलं दही एक वाटी, पाणी तीन वाट्या, रवीनं घुसळून वर आलेलं लोणी काढून टाका. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ, किंचित सैंधव. दुपारच्या जेवणाबरोबर, घोट घोट, एक पेला. फ्रिजमधलं नको. आणखी एक, जे ऐकून सगळे चकित होतात: शास्त्रानं कडक उन्हाळ्यात ताक वर्ज्य सांगितलं आहे, तसंच चक्कर, दाह आणि रक्त पडत असताना. ताक आंबट आणि वीर्यानं, म्हणजे अंगातल्या परिणामानं, उष्ण. थंडगार लागतं म्हणून थंड नसतं. मे महिन्यात अगदी ताजं, गोडसर, अर्धा पेला चालेल. जळजळ वाढली तर तेही बंद.

दही मात्र रात्री नाही. ‘न नक्तं दधि भुञ्जीत’ असं चरक म्हणतात, आणि सराफ्यातला दहीवडा रात्री अकराला खायचा असतो. यावर तडजोड काय? महिन्यातून एकदा सराफ्यात जा. त्या दिवशी रात्रीचं जेवण घरी करायचं नाही, तिथे पाच पदार्थ न खाता एक-दोनच, शक्यतो भुट्ट्याचा कीस, आणि दुसऱ्या दिवशी खरी भूक लागेपर्यंत पोहे नाहीत. गराडू (तळलेला कंद) थंडीतच मिळतात ते बरंच आहे. हेमंतात अग्नी प्रबळ असतो, तेव्हा चार तुकडे जिरतात. पावसाळ्यात तो सर्वांत मंद. श्रावणात तुमचं पोट जास्त बिघडत असेल तर त्यात नवल नाही. आणि चतुर्थीच्या साबुदाण्याच्या खिचडीला लंघन म्हणू नका. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय.

औषधं मी फार सांगणार नाही, कारण नाडी आणि जीभ न बघता ती सांगणं बरोबर नाही. तुमच्या फुगण्यासाठी हिंग्वाष्टक निर्धोक आहे: सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. मूळ पाठात अजमोदा आहे, आपल्याकडे ओवा घालतात. पाव ते अर्धा चमचा, तुपात कालवून, भाताच्या पहिल्या घासाबरोबर. जेवणानंतर पाण्याबरोबर फक्की मारायची नसते. पहिल्या घासाबरोबरच घ्यायचं असं ग्रंथातच आहे. छातीत जळजळ असणाऱ्यांनी नको. बीपी असेल त्यांनी मिठाचा विचार करावा.

चूर्ण सुटत असताना मधेच कोंडलं तर हिरडा. पण कोणता? चावून खाल्ला तर भूक वाढवतो, पूड करून घेतला तर मळ काढतो, शिजवला तर उलट मळ बांधतो, आणि भाजलेला तिन्ही दोषांना चालतो. एकाच फळाची ही चार रूपं माहीत नसताना ‘हिरड्यानं मला काही झालं नाही’ म्हणणारे खूप. तुम्हाला एरंडेलात परतलेला हिरडा, म्हणजे गंधर्व हरीतकी, आठवड्यातून फार तर दोन रात्री. घरात गर्भार बाई असेल तर तिनं यातलं काही घ्यायचं नाही, हिरडाही नाही, एरंडेलही नाही, सोनामुखीही नाही.

पातळ होण्याच्या दिवशी लगेच कुटजाच्या (कुड्याच्या) गोळ्या खाऊ नका. शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकारांनी ग्राही आणि स्तंभन असे दोन वेगळे गट केलेत. सुंठ-जिऱ्यासारखी ग्राही द्रव्यं आम पचवून मळ बांधतात. कुड्यासारखी स्तंभन द्रव्यं नुसती दार लावून घेतात, आत आम असला तर तो आतच कोंडतो. तुमचे पातळ दिवस अर्धे त्या चूर्णानं आणलेले आहेत. त्या दिवशी नागरमोथा आणि सुंठ घालून उकळलेलं पाणी, मुगाचं कढण, मऊ भात, बस्स. बेलाचं सरबतही नको. औषध असतं ते कच्च्या बेलाच्या वाळवलेल्या गराचं. पिकलेलं बेलफळ शास्त्रात पचायला जड सांगितलं आहे, आणि लोक जुलाबावर तेच पितात.

कुणी बिनलेबलाच्या पुड्या देत असेल तर घेऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. ग्रहणीवर पर्पटीसारखी पारा-गंधकाची औषधं आहेत. ती जाणकारानं, ठरावीक दिवस, देखरेखीखाली द्यायची असतात. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना उच्चारू देत नाही. ज्येष्ठमधानंसुद्धा जास्त दिवसांत बीपी चढतं. घटक, बॅच आणि परवाना क्रमांक, मुदत छापलेलं असेल तेच घ्यायचं.

इतकं करून दोन महिन्यांत कळ आणि कोंडणं राहिलंच, तर मात्राबस्तीचा, म्हणजे गुदमार्गानं थोडं तेल देण्याचा, विचार करू: साधारण ६० मिली कोमट सिद्ध तेल, जेवणानंतर, सलग काही दिवस. वातावर बस्तीसारखं औषध नाही. ते घरी करायचं नाही. लोकमान्यनगरच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयातही पंचकर्माची सोय आहे. माझ्याचकडे यायला हवं असं नाही.

आलात तर एक वही आणा. तिच्यात शौचाचा रकाना पाडू नका. रोज फक्त इतकं लिहा: भूक किती वाजता लागली, काय आणि किती वाजता खाल्लं, किती वाजता झोपलात. अकराला बिस्किटाची आठवण झाली तर ती भूक म्हणून लिहायची नाही. आणि वहिनींना बरोबर घेऊन या. तीनचा डबा एकला उघडणं तुमच्या एकट्याच्या हातात आहे, पण रात्रीचं पान आठला मांडायचं तर त्यांना आणि मुलांनाही घड्याळ बदलावं लागेल, ते तुम्ही त्यांना अजून सांगितलेलं दिसत नाही.